घोंगडी लावलेला डबा

१

संध्याकाळी मेंढरं घरी आली की आधी कोकरं सोडायची असतात. दिवसभर ती अंगणातल्या जाळीच्या वाघरात कोंडलेली असतात आणि त्यांच्या आया रानात चरत असतात. जाळी उचलली की एकच कालवा होतो. सगळी कोकरं आणि सगळ्या आया एकदम ओरडतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथं कुणाला कुणी सापडणार नाही. पण आई हुंगते, कोकरू ढुशी मारतं, आणि घटकाभरात अंगण गप्प होतं. मग फक्त पिण्याचा आवाज राहतो. याहून चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

त्या आवाजावर माझ्या पोरानं बेस सोडला.

बिरदेव माझा एकुलता एक. त्याला मेंढरं नकोत, हे त्यानं मिसरूड फुटायच्या आधीच सांगितलं होतं. त्याच्याकडे जुनी, मागं मोठी डिक्की असलेली गाडी आहे. एरवी पालमहून शिटं भरतो, लग्नसराईत वरातीला जातो. वरातीची पोरं गाडी ठरवताना इंजिन विचारत नाहीत, आवाज किती आहे ते विचारतात. म्हणून त्यानं सिस्टीम बसवायला घेतली, तीही घरीच, फोनवर बघून बघून. कोकरांच्या कोठ्यात त्यानं सुतारकाम मांडलं. भुसा, खिळे, सोल्युशनचा वास. दूधपित्या कोकरांना मी तिथून उचलून पडवीत आणलं. बोललो काही नाही. मी फारसं बोलत नाही.

प्लायवूडचा चौकोनी डबा तयार झाला. पुढच्या बाजूला परातीएवढा स्पीकर, आणि त्याच्या शेजारी बोअरचा उरलेला पाइप कापून बसवलेलं गोल भोक.

"हे भोक कशाला रे?" मी विचारलं.

"हवा खेळायला, आबा. डबा श्वास घेतो असं समजा."

वायरी जोडायला पालमचा सिद्धोधन यायचा. बिरूचा दोस्त, जळालेल्या मोटारींच्या वायरी भरून देणारा, तोंडाचा फटकळ.

"उमाजीमामा, सरका जरा. आता असा बेस सोडतो, धोतर उडतंय का न्हाई बघा तुमचं."

"माझं धोतर राहू दे. मेंढ्या पान्हा चोरायल्यात."

"सवय व्हईल त्यायला. वरातीत घोडी नाचतेत, तुमच्या मेंढ्या का न्हाई नाचायच्या?"

त्यानं कळ दाबली. कोठ्याचे पत्रे थरथरले. माझ्या छातीत कुणीतरी आतून बुक्क्या मारतंय असं झालं. कोकरं आयांच्या आचळांना सोडून पळाली, आणि अर्धी त्या दिवशी उपाशी राहिली. मी राग गिळला.

डबा मात्र ठणठण वाजत होता. सिद्धोधन कान लावून म्हणाला, "आतून मऊ कायतरी लावा लागतंय. लोकर एकदम बेस्ट." आणि बिरूच्या पाठीत थाप मारून हसला. "धनगराच्या घरात बसून लोकर हुडकायलास होय रे!"

मीही तेव्हा हसलो होतो. ते हसणं आता आठवलं की तोंड कडू होतं.

२

भिवराबाईला, माझ्या कारभारणीला, जाऊन वर्ष व्हायचं होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. मेंढरं राखणारं माणूस गेलं की त्याची घोंगडी धुवायची नाही, वापरायची नाही. वर्षभर घडी करून पेटीत ठेवायची. वर्ष झालं की देवापुढं पसरायची आणि पुढं जो कळप राखणार त्याच्या खांद्यावर टाकायची. माझ्या मनात होतं, एकदा बिरूच्या खांद्यावर टाकून बघू. नुसती टाकून बघू. आईच्या घोंगडीचं वजन खांद्यावर आलं तर माणसाचं मन फिरू शकतं.

ती घोंगडी साधी नव्हती. आमच्याच काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं कोकरू पोरकं झालं, की भिवरा दोघांना एकमेकाला लावायची. मेलेलं कोकरू घोंगडीत गुंडाळून ठेवायची, त्याचा वास उतरला की त्याच घोंगडीत पोरकं गुंडाळायची, आणि मेंढीपुढं बसून हाक द्यायची. जिभेनं दोनदा टच् टच् करायची, मग म्हणायची, "ये माय, ये." किती वेळ लागला तरी तोच सूर, तीच माया. मेंढी हुंगायची, लाथ मारायची, परत हुंगायची. शेवटी पान्हा सोडायची. मग भिवरा मेंढीच्या पोटाखाली हात घालून बघायची, कोण कुणाच्या अंगाला आहे. तसं बघितल्याशिवाय ती पुढचा शब्द बोलायची नाही. बघून झालं की हळूच म्हणायची, "झालं." एकदा झालं म्हटलं की नातं लागलं. मग मेंढी जीव देईल पण कोकरू सोडणार नाही. आणि भिवरा त्या कोकरासाठी पुन्हा कधी हाक मारायची नाही.

सगळीच लागायची असं नाही. जी लागली नाहीत, ती त्याच घोंगडीत रात्रीतून गार व्हायची.

पेटी उघडली तेव्हा आत भिवराचं लुगडं होतं, आरसा होता, घोंगडी नव्हती.

"बिरू, पेटीतली घोंगडी कुठंय?"

तो गाडीच्या डिक्कीत डोकं घालून बसला होता. "जुनी झालती ती, आबा. कसर लागायली होती."

"कुठंय?"

त्यानं डब्यावर थाप मारली. "हितं. आतून चिटकवली चारी बाजूनं. आईची हाय, गाडीतच ऱ्हाईल. माझ्यासंगं फिरंल ती."

त्याला वाटत होतं, त्यानं काही चांगलं केलं. तेच मला सोसलं नाही. कात्रीनं तिचे तुकडे केले, सोल्युशन लावून प्लायवूडला डकवले आणि वर मला माया सांगतो. माझा हात वर गेला. मी या पोराला कधी चापटसुद्धा मारली नव्हती.

"मामा!" चुलीपुढून सून ओरडली. शिवकन्या तिचं नाव.

मी हात खाली घेतला. मला राग लवकर येत नाही. आला की मात्र मुक्कामाला राहतो.

३

घोंगडी लावल्यापासून डबा ठणठणायचा थांबला. आवाज एवढा मऊ झाला की गावातली पोरं गाडीभोवती जमली. सिद्धोधननं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "परभणीत नसंल असा बेस! काय टाकलंस रे आत?"

बिरूनं माझ्याकडं बघितलं आणि डिक्की लावून टाकली.

पुढं गाडीची बॅटरी बसली म्हणून त्यांनी ती चार्जिंगला काढली. गाडी अंगणात उभी, वायरी खाली लोंबत होत्या. दिवस कलला, मेंढरं आली, मी कोकरं सोडली. एक मेंढी माझ्याकडं आलीच नाही.

तिला आम्ही कानोळी म्हणतो. तिचे कान लांब आहेत. भिवरानं तिला बाटलीनं पाजून वाढवलं होतं. थोड्याच दिवसांमागं तिचं कोकरू मेलं होतं, त्यामुळं तिची कास भरलेली होती आणि मी ती हातानं पिळून मोकळी करत असे. कानोळी डिक्कीच्या दाराला तोंड लावून उभी होती. कान पुढं, मान ताठ. आणि तिच्या आचळांतून दूध आपोआप खाली गळत होतं. मातीत ओल झाली होती.

मेंढी उगीच पान्हावत नाही.

मी स्वतःला समजावलं. घोंगडीचा वास येत असेल. तिचं लहानपण त्या घोंगडीत गेलं. जनावराचं नाक माणसासारखं नसतं. हे पटण्यासारखं होतं आणि मला पटलं. पण मी तिला ओढलं तेव्हा ती हलेना. चार पाय रोवून उभी राहिली. मी पुन्हा ओढलं तशी तिनं डोकं फिरवून मला धडक दिली. या मेंढीनं कधी माणसाला धडक दिलेली नव्हती.

४

मग मी डिक्कीच्या दाराला कान लावला.

आधी काही नव्हतं. उन्हानं तापलेला पत्रा कानाला चटका देत होता. मग आत, खोल, जिभेचा आवाज झाला. टच् टच्.

"ये माय, ये."

मी गाडीला धरून उभा राहिलो. तिचा सूर होता. शेवटचा 'ये' ती जरा लांबवायची, तसा लांबवलेला होता. वर्षभरात मी तो आवाज आठवत आठवत झोपायचो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण हाक थांबेना. कानोळी आलेली होती, पान्हावलेली होती, तोंड लावून उभी होती. तरी आतून तेच चाललं होतं. टच् टच्, ये माय, ये. टच् टच्, ये माय, ये. त्याला कुणी आलं की नाही, कोण आलं, याची काही पडलेली नव्हती. भिवरा असं कधी करायची नाही. जनावराला ताटकळत ठेवायची नाही. तेव्हा माझं रडू आटलं आणि राग आला. हे जे कुणी होतं, त्यानं तिची हाक उचलली होती. ती कशासाठी असते ते त्याला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असून त्याला वेगळंच काही हवं होतं.

बिरूला विचारलं. "तुझ्या फोनात आईचा आवाज भरलेला हाय का?"

"न्हाई. आईनं कधी भरू दिला का?"

"मग डब्यातून..."

"मला काई ऐकू येत न्हाई आबा," तो म्हणाला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला.

सिद्धोधनला विचारलं तर तो हसला. "मामा, वायर कधी कधी रेडिओवानी पकडती. पिंगळी टेसनाजवळ एकाच्या गाडीत मालगाडीच्या गार्डाचं बोलणं यायलं होतं."

"बॅटरी तुझ्या दुकानात हाय. अन् भिवराला कोणत्या टेसनावरून पकडलं?"

तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "ऊन लय झालंय. टोपी घालत जा."

५

बिरू गाडीत बसायला लागला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची गाडी, तो बसणारच. पण बॅटरी लावल्यावरही गाणं वाजेना. तो मागच्या शिटावर, डब्याच्या बाजूला तोंड करून बसायचा. काचा वर केलेल्या. बाहेर वैशाखाचं ऊन. आत माणूस शिजून निघेल असा पत्रा. आणि भोवती मेंढरं. आधी एकटी कानोळी होती, मग ज्यांची कोकरं मेलेली त्या सगळ्या, मग ज्यांची जिवंत आहेत त्याही.

शिवकन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सून माझ्याशी पदर न घेता कधी बोलली नव्हती. त्या दिवशी तिला पदराचं भान नव्हतं.

"मामा, दोन वराती सोडल्या ह्यायनी. फोन वाजत ऱ्हातो, उचलत न्हाईत. जेवायला बोलावलं तर म्हणतेत, माझं पोट भरलंय. काय खाऊन भरलं? हाडं दिसायलेत."

"मी बोलतो त्याला."

"तुमी कधी बोललात का कुणाला?" ती फटकन म्हणाली. "तुमी रुसून बसता नुसते. त्यो डबा फोडा, न्हाईतर मी चारठाण्याला बापाकडं जाते. मला इथं झोप लागंना. भिंतीतून हाक आल्यावानी होतंय."

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

मी बिरूशी बोललो. त्याच्या शेजारी बसलो, पाठीवर हात ठेवला. पाठीचे मणके हाताला लागले. लहानपणी तो तापानं फणफणला होता तेव्हाही एवढे लागले नव्हते.

"बिरू, घोंगडी दे परत. फाटकी तर फाटकी. मी शिवून घेईन. तुला दुसरी लोकर देतो, पाहिजे तेवढी."

"देतो की," तो म्हणाला. गोड हसला. "जरा मोठं होऊ द्या."

"काय मोठं होऊ द्या?"

त्यानं तोंड डब्याकडं फिरवलं. माझ्याकडं बघतही नव्हता. मला त्या डब्याची एवढी चीड आली की दात दुखायला लागले. घोंगडी गेली तर गेली. मला माझं पोर पाहिजे होतं.

६

एका दुपारी सिद्धोधन बिरूला जबरदस्तीनं पालमला घेऊन गेला. सलाईन लावू म्हणाला. मी पेचकस घेऊन गाडीशी गेलो.

स्पीकरचे स्क्रू मला निघेनात. म्हाताऱ्या मनगटात जोर राहिला नाही. मग मी त्या गोल भोकात हात घातला. पाइप संपला की बोटांना घोंगडी लागली. ओळखीची खरबरीत लोकर. एक कडा सुटलेली होती, ती धरून ओढली. चिकटलेलं सोल्युशन चर्रचर्र सुटत होतं. तुकडा निघाला. तो ऊबदार होता. मी म्हटलं, उन्हानं असेल.

दुसऱ्या तुकड्यासाठी हात कोपरापर्यंत घातला. डबा बाहेरून हातभर खोल आहे, मी तो बनताना बघितला आहे. मागची फळी हाताला लागायला हवी होती. लागली नाही. मी चाचपडत राहिलो.

मग कुणीतरी माझं बोट तोंडात घेतलं.

पोरक्या कोकराला दूध प्यायला शिकवताना आम्ही आधी बोट देतो. त्याला ते आचळ वाटतं. जीभ खालून बोटाला गुंडाळते आणि टाळू वरून दाबतो. कोकराला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. आयुष्यभर मी हजार तोंडांत बोट दिलं असेल. मला त्यात चूक होणार नाही. वर टणक हिरडी होती. खाली जीभ होती. ते चोखत होतं. पण कोकराचं तोंड केवढं असतं, तेही मला माहीत आहे. माझी चारी बोटं आत गेली होती आणि अजून जागा होती.

मी ओरडलो नाही. हात हिसकून काढला. बोटं ओली होती. पांढरी पडली होती, सुरकुतली होती, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी. नंतर मी स्वतःला म्हणालो, पाइपातली हवा ओढ घेते. डबा श्वास घेतो असं बिरूच म्हणाला होता. हवेनं बोटं ओढली जातात, हे होऊ शकतं. हवा ओली असते का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी बिरू परत आला आणि त्यानं पाणी प्यायला तांब्या धरला. मी त्याच्या उजव्या हाताची बोटं बघितली. पांढरी होती. मनगटापर्यंत पांढरी होती.

७

त्याच संध्याकाळी मी जाळी उचलली आणि कोकरं मोकळी झाली, पण एकाही आईनं तोंड फिरवलं नाही.

सगळा कळप गाडीभोवती उभा होता. अंगाला अंग लावून, माना डिक्कीकडं. मागं कोकरं ओरडत होती, ढुश्या मारत होती, आणि आया त्यांना लाथाडत होत्या. पोटच्या पिलांना. पिण्याचा तो आवाज, माझा आवाज, त्या दिवशी अंगणात आलाच नाही. आणि हाक आता कान लावल्याशिवाय ऐकू येत होती. ओट्यावरून येत होती. टच् टच्, ये माय, ये.

शिवकन्या दारात कान दाबून उभी होती.

माझं डोकं फिरलं. मी मेंढ्यांमधून वाट काढत गेलो आणि काठी गाडीवर घातली. टपावर, दारावर. "थांब! थांब, चोरा! कुणाची हाक मारायलास? कुणाची?" एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोललो नव्हतो. माझाच आवाज मला परका वाटला. आतली हाक एका मात्रेनंही हलली नाही.

सूर्य पार खाली गेला होता आणि डिक्कीच्या काचेवर त्याचा लाल गोळा पडला होता. आतलं काही दिसत नव्हतं.

मग मला सुचलं. एवढं सोपं आतापर्यंत सुचलं कसं नाही, असंही वाटलं. ही हाक कशानं थांबते ते मला ठाऊक होतं. काठी टाकली. डिक्कीपाशी वाकलो. जिभेनं दोनदा टच् टच् केलं, भिवरा करायची तसं. आणि हळू, तिच्यासारखंच म्हणालो,

"झालं."

हाक थांबली.

मधेच थांबली, 'ये' अर्धा राहिला. मेंढ्यांनी कान हलवले. एकेक करून मागं वळल्या. कोकरांना हुंगायला लागल्या. जरा वेळानं अंगणात पिण्याचा आवाज सुरू झाला. शिवकन्या दाराला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी काठी उचलली. मला वाटलं, म्हातारा अजून कामाचा आहे.

तेवढ्यात सूर्य रानाच्या मागं गेला आणि काचेवरचा गोळा विझला.

बिरू आत होता. सलाईन लावून आलेला, मला वाटलं घरात पडलाय. तो डब्यावर वाकून बसला होता. उजवा हात भोकात कोपरापर्यंत. डोळे अर्धे मिटलेले. जबडा सावकाश हलत होता, पाजताना मेंढी रवंथ करते तसा. तोंडावर एवढी शांती मी त्याच्या लग्नातही बघितली नव्हती. स्पीकरवर ताणलेलं काळं कापड आत ओढलं जात होतं, सुटत होतं. ओढलं जात होतं, सुटत होतं. आणि डब्यावर बिरूच्या हाताशेजारी अजून काही टेकलेलं होतं. मला ते कान वाटलं. मी नीट बघायच्या आत ते आत गेलं.

हात घालून बघायचं असतं. कोण कुणाच्या अंगाला आहे ते आधी बघायचं असतं. मी न बघताच झालं म्हणालो होतो.

८

सिद्धोधननं दुसऱ्याच दिवशी वायरी कापल्या. आवाज वाढवणारा एम्प काढला, स्पीकर उचकटून काढला, त्या खिंडारातून टॉर्च मारून मला दाखवलं. प्लायवूड आणि काळ्या लोकरीचे तुकडे, दुसरं काही नव्हतं. मागची फळी हातभर अंतरावर होती.

"बघा. रिकामा हाय," तो म्हणाला. पण हात आत घाल म्हणालो तर घालेना.

डबा उचलून फेकायला गेलो तेव्हा बिरू मधे आला. मला ढकललं नाही. नुसता आडवा उभा राहिला, डोकं खाली घालून, कानोळी उभी राहते तसा. सिद्धोधनच मागं सरकला.

हाक पुन्हा आली नाही. तिची गरज नव्हती. दिवस कलला, मेंढरं आली, की बिरू आपण होऊन उठायचा आणि गाडीत जाऊन दार लावायचा. शिवकन्या चारठाण्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, मी काच वाजवली तर मला वळखलं न्हाई त्यायनी."

लागलेलं तोडायचं असलं तर आमच्यात एकच उपाय असतो. आचळाला कडू लावायचं. पिल्लू तोंड लावतं, थुंकतं, पुन्हा लावतं, पुन्हा थुंकतं. शेवटी सोडतं. वाईट काम आहे. भिवराला ते बघवायचं नाही, ती घरात जायची. मी करायचो.

मी कडुलिंबाचा पाला वाटला. चांगला हिरवागार, नुसत्या वासानं जीभ वळेल असा. दुपारी बिरू ओट्यावर झोपला होता. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. केवढासा झाला होता तो हात. बोटं इतकी मऊ पडली होती की मला रेटून चोळायची भीती वाटली. एकेक बोट लेपलं, नखांच्या मुळांपर्यंत. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो. लहानपणी त्याच्या भाजलेल्या हाताला अशीच फुंकर घातली होती. माझा राग अजून मुक्कामालाच होता. पण त्या हातावर तो काढता येईना.

दिवस कलला. तो उठला, गाडीत गेला, दार लावलं.

मी अंगणात उभा राहिलो. कोकरं पीत होती.

मग गाडीतून रडणं आलं. ते भिवराच्या आवाजात नव्हतं. ते कुणाच्याच आवाजात नव्हतं. कोकराचं म्हणावं तर फार मोठ्या छातीतून येत होतं. अंगणातल्या सगळ्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि त्यांच्या आचळांतून, पिणाऱ्या कोकरांच्या तोंडावरून, दूध खाली वाहायला लागलं.

दार उघडून बिरू धावत आला. हौदापाशी गुडघ्यावर बसला आणि हात घासायला लागला. मातीनं घासला, दगडानं घासला. कातडी निघाली तरी घासत होता. ढसाढसा रडत होता.

"का केलंत असं, आबा? उपाशी हाय ते. लय दिसापासनं उपाशी हाय."

"बिरू," मी म्हणालो. "बिरू, माझ्याकडं बघ."

तो उठून गाडीकडं निघाला. आतलं रडणं थांबत नव्हतं. माझ्याकडं एकच गोष्ट राहिली होती. मी जिभेनं टच् टच् केलं.

"ये माय, ये."

तो थांबला. वळला. सावकाश माझ्यापाशी आला. हातातून रक्त आणि पाणी गळत होतं. माझ्या खांद्याशी तोंड आणलं, आणि मला वाटलं, आता डोकं टेकवेल. मी हात पसरले.

त्यानं मला हुंगलं. गळ्यापाशी, मग कानामागं.

मग मान फिरवली आणि गाडीकडं गेला. परक्या कोकराला हुंगून मेंढी निघून जाते तसा. लाथ मारली नाही, एवढी माया अजून आहे.